आटोक्यात हाय ना?

वळ गावात मी भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांच्या पडवीत दोरीवर सात पांढरे बनियन वाळत घातले होते. म्हणजे वाळत घातलेत, असं मला वाटलं. जवळ गेल्यावर दिसलं की प्रत्येकाच्या पोटावर एकेक काळा गोल डाग आहे आणि प्रत्येकाला सेफ्टी पिनेने तारखेची चिठ्ठी टोचलेली आहे. या घरात कोणाला तरी काहीतरी झालंय, इथे राहायला नको, असा विचार करून मी मागे फिरणार, तेवढ्यात पाठीमागून प्रश्न आला.

"बाय, गारी हाय का तुजी?"

मी म्हटलं, आहे, स्कूटर आहे.

"पियुशी हाय?"

लुंगी, वर उघडं अंग, कानात अडकवलेलं पेन, असे काका मला पहिल्यांदा दिसले. खोलीत माणसं किती राहणार, नोकरी कुठे, लग्न झालंय का, हे प्रश्न बाकीच्या घरमालकांनी मला पहिल्या मिनिटात विचारले होते. काकांनी यातलं काहीही विचारलं नाही. मी पर्समधून धुराच्या तपासणीचा, म्हणजे पीयूसीचा कागद काढून दिला. त्यांनी तो हातभर लांब धरून वाचला, परत दिला आणि म्हणाले, स्कूटर चालू कर. मग आतून एक कोरा बनियन आणला, सायलेन्सरपाशी उकिडवे बसले, बनियन त्याच्या तोंडाशी ताणून धरला आणि वीसपर्यंत मोठ्याने आकडे मोजले. उठून बनियन उजेडात धरला.

"कागद तुजा पास हाय," ते म्हणाले. "गारी नापास हाय."

खोली मला मिळाली, स्कूटरला मिळाली नाही. आठ दिवस ती बिचारी कुंपणाबाहेर विहिरीपाशी उभी होती आणि मी रोज सकाळी गोडाउनला कामाला जाताना काकांना मनातल्या मनात शिव्या देत होते. शेवटी कार्बुरेटर साफ करून घेतला, पुन्हा वीसपर्यंत आकडे झाले आणि तिला अंगणात प्रवेश मिळाला. खरं सांगायचं तर त्यानंतर ती पहिल्या किकला चालू व्हायला लागली, पण हे मी काकांना कधीच सांगितलं नाही.

दोरीवरचे सात बनियन हे त्यांच्या जीपचे सात निकाल होते, दर सहा महिन्यांचा एक. फाटकावर पाटी होती, "पियुशी असेल तरच गाडी आत". काका जसं बोलले तसं पेंटरने लिहिलं होतं. कुणी चूक दाखवली तर काका म्हणत, वाचनाऱ्याला कलला ना, मंग झाला.

हे वेड कुठून आलं ते मला काकींनी सांगितलं. काकी म्हणजे त्यांची बायको. बुटकी, ठसठशीत, कमी बोलणारी बाई. या घराची शेती गोडाउनांखाली गेली, तेव्हा आलेल्या पैशांतून काकांनी जीप घेतली आणि ती काकींच्या नावावर केली, घरची लक्ष्मी म्हणून. त्यांचं सगळं सुरळीत चाललेलं असताना एकदा वडप्याच्या नाक्यावर काकांना एका साहेबाने अडवलं. पीयूसीची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. दंड झाला. पावती फाटत असताना शेजारून एक टँकर इतका काळा धूर सोडत गेला की पावती, साहेब आणि काका काही वेळ कोणालाच दिसेनात. धूर निवळल्यावर काकांनी विचारलं, साहेब, याचं काय. साहेब शांतपणे म्हणाला, "काका, आम्ही धूर नाही बघत. कागद बघतो."

काका घरी आले ते जेवलेच नाहीत. धूर कोणीच बघत नाही, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. मग तो आपणच बघायचा असं त्यांनी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून डझनभर बनियन आणले.

त्या भागात खरी तपासणी करून घेणारे काका बहुधा एकटेच असावेत. हायवेच्या कडेला एक पीयूसीवाला व्हॅन लावून बसायचा. निजामपुऱ्यातला पोरगेला माणूस, घरी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, त्या धंद्यात मन रमलं नाही म्हणून इकडे आलेला. लोक त्याला फोनवर गाडीचा फोटो पाठवत आणि तो कागद पाठवून देई. तो काकांना हात जोडून सांगायचा, "काका, फोटो भेज दो ना, आनेका काम नहीं है." पण काका आदल्या दिवशी जीप धुवायचे, फिल्टर झटकायचे आणि तपासणीच्या सकाळी काकी तिला हळदकुंकू लावायच्या. बोनेटला नाही, सायलेन्सरला. परीक्षा त्याची होती. मग काका व्हॅनशी जाऊन उभे राहत आणि मशीनची नळी पूर्ण आत गेली आहे का ते वाकून बघत. पीयूसीवाला मला म्हणाला होता की काका येताना दिसले की तो मशीनची धूळ पुसायला लागतो, ते मशीन तो वर्षातून दोनदाच पुसतो.

आता 'आटोक्यात'बद्दल. हा शब्द त्यांना मी दिला, आणि त्याची लाज आणि अभिमान दोन्ही मला आहे. एकदा त्यांनी विचारलं, पियुशी म्हंजे नक्की काय. मी सांगितलं, प्रदूषण नियंत्रणात आहे, असा दाखला. नियंत्रण त्यांच्या जिभेवर बसेना. मी म्हटलं, आटोक्यात आहे असं म्हणा. ते म्हणाले, म्हणजे धूर नाही असं कागद म्हणतच नाही? मी म्हटलं, नाही, आहे पण आटोक्यात आहे, एवढंच म्हणतो. हे त्यांना भयंकर आवडलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "धूर सगल्यांचाच निंगतो. आटोक्यात पायजे."

त्या दिवसापासून गावाचे हाल सुरू झाले. भेटेल त्याला काका 'आटोक्यात हाय ना?' असं विचारायला लागले. गोडाउनच्या हमालांना विचारलं, ट्रकवाल्यांना विचारलं, बारशाला जाऊन पाळण्यातल्या पोराला विचारलं. झेरॉक्सच्या दुकानातून त्यांनी स्वतःचे फॉर्म काढून आणले. वस्तूचं नाव, मालकाचं नाव, आणि खाली 'आटोक्यात आहे' किंवा 'आटोक्यात नाही', यातलं एक खोडायचं. कधीकाळी ते ग्रामपंचायतीचे सदस्य होते, तेव्हाचा शिक्का कपाटात होता, तो मारायचा. काकांनी भाड्याने दिलेल्या खोल्यांची चाळ होती, तिच्यातल्या तिसऱ्या खोलीत एक लूमवर काम करणारा गृहस्थ राहायचा, त्याच्या बिडीची तपासणी झाली. त्याने बनियनवर वीस आकडे धूर सोडला आणि पास झाला. तो दाखला त्याने लॅमिनेट करून भिंतीला लावला आणि बायको बिडीवरून बोलायला लागली की तो नुसता भिंतीकडे बोट दाखवायचा. देवळातल्या धुपाला मात्र काकांनी नापास केलं. पुजारी महिनाभर त्यांच्या हातावर तीर्थ ठेवत नव्हता.

हसायचे सगळे, मीही हसायचे. पण एकदा गावात एकाची म्हातारी आई गेली. भेटायला गेलेली माणसं नेहमीसारखी खाली बघून बसलेली. काका उठले, त्या माणसाजवळ गेले आणि विचारलं, आटोक्यात हाय का. मला वाटलं, आता काका मार खाणार. तो "न्हाय काका" म्हणाला आणि घळाघळा रडला. त्याआधी तीन दिवस तो रडलाच नव्हता, असं नंतर कळलं. घरी येताना काका मला म्हणाले की निकाल खरा दिला पोराने. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल फार प्रेम वाटलं.

ते प्रेम पुढच्याच आठवड्यात आटलं, कारण काकांनी काकींची चूल तपासली.

काकींची चूल मागच्या अंगणात होती. घरात गॅस होता, पण तांदळाची भाकरी काकी चुलीवरच करायच्या आणि काका दुसरी भाकरी खातच नसत. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणून एका सकाळी त्यांनी बनियन घेतला आणि चुलीवर धरला. वीस आकडे पुरे व्हायच्या आत तो दोन्ही बाजूंनी काळा झाला. मग काकांनी फॉर्म भरला. वस्तू, चूल. मालकाच्या रकान्यात काकींचं नाव. 'आहे' खोडलं, 'नाही' ठेवलं, शिक्का मारला आणि भाताची खळ लावून कागद चुलीमागच्या भिंतीवर चिकटवला.

काकींनी तो वाचला. चुलीत तांब्याभर पाणी ओतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जीपच्या कागदावर माजा नाव एजंटान लिवला. यान सवताच्या हातान पयल्यांदा लिवला, ते नापास म्हनून." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता खा गॅसवरची."

त्यानंतर त्या काकांशी पाच महिने एक शब्द बोलल्या नाहीत. काकाही बोलले नाहीत, कारण त्यांच्या मते निकाल बरोबर होता आणि बरोबर निकालाबद्दल काय बोलायचं. दोघं एकाच पडवीत बसायचे आणि माझ्यामार्फत बोलायचे. बाय, तिला सांग चहा झाला का. बाय, त्याला सांग कपात हाय. मी नोकरीवर असले की दोघं माझी वाट बघत ताटकळत बसायचे. काका गॅसवरची भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचे. ते वाळले, त्यांचं मोजणं मंद झालं. बनियन आठवडाच्या आठवडा कोरे पडून राहायला लागले. मला भीती वाटायला लागली की ही दोन माणसं अशीच, एका खांबाला दोन बाजूंनी पाठ लावून, म्हातारी होऊन जाणार.

अशात जीपच्या पीयूसीची तारीख आली. काका नेहमीप्रमाणे जीप धुऊन व्हॅनशी गेले. हळदकुंकू नव्हतंच. पीयूसीवाल्याने नळी लावायच्या आधीच सांगितलं की नवा नियम आलाय, मालकाच्या मोबाइलवर सहा आकडे येणार, ते इथे टाकल्याशिवाय कागद निघत नाही. मालक काकी. मोबाइल काकींचा, आणि तो घरी काकींच्या कमरेला.

काकांनी मला फोन केला. रविवार होता, मी घरीच होते. बाय, तिला सांग आकडा आलाय तो दे. मी काकींना सांगितलं. काकींनी मोबाइल काढला, चष्मा लावला, मेसेज अक्षर अक्षर लावून वाचला आणि माझ्यासमोर धरला.

"यात काय लिवलाय बघ. हा आकडा कोनालाही सांगू नका." चष्मा काढून त्या म्हणाल्या, "मी नियमान चालतंय. तुज्या काकांना सांग."

मी फोनवर तसंच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा नियम त्यांच्या आडवा आला होता आणि तो नियम बरोबर आहे, हे त्यांना कळत होतं. दहा मिनिटांत आकड्याची मुदत संपली. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पीयूसीवाल्याने स्वतः काकींना फोन केला आणि अम्मी, खाला, जे सुचेल ते म्हणाला. काकींनी त्याला जेवायला बोलावलं, आकडा दिला नाही.

मग काकांनी बाकीचे रस्ते धुंडाळले आणि मी त्यांच्याबरोबर धुंडाळले, म्हणून सांगते. मोबाइल नंबर बदलून घेऊ म्हटलं, तर नंबर बदलायला जुन्या नंबरवर आकडा येतो. जीप काकांच्या नावावर करू म्हटलं, तर त्यासाठी चालू पीयूसी लागते. पीयूसीला आकडा लागतो. आकडा काकींकडे. आरटीओच्या खिडकीमागच्या बाईने हे इतक्या सरळ चेहऱ्याने समजावून सांगितलं की काकांनी तिलाही विचारलं, आटोक्यात हाय ना. ती म्हणाली, पुढचे या.

मुदत संपली त्या सकाळी काकांनी जीप ढकलत फाटकाबाहेर नेली आणि विहिरीपाशी उभी केली. स्वतःच्याच पाटीचा मान राखला. मग ते तिच्यात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. चहा मी तिकडे नेऊन देत होते. मी त्यांना सरळ म्हटलं, काका, पुरे झालं, जाऊन बोला. ते म्हणाले, काय बोलू. मी म्हटलं, काहीही बोला, आकडा दे म्हणा. काकींना जाऊन विचारलं, तर त्या पीठ चाळता चाळता म्हणाल्या, "आकडा सांगन. पन त्यालाच सांगन. मधी कोन नको."

अकराव्या दिवशी दुपारी मी मागच्या नळावर कपडे धूत होते. काका आले. हातात लाकडांची मोळी. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाच महिने थंड पडलेल्या चुलीतली राख त्यांनी हाताने काढली, लाकडं रचली आणि काडी लावली. लाकडं ओली होती. त्या बाबतीत काकांना काडीचं ज्ञान नव्हतं, आयुष्यभर आयती भाकरी खाल्लेला माणूस. चूल पेटेना, नुसता धूर. तो अंगणात भरला, माझ्या कपड्यांत भरला, काकांच्या नाकातोंडात गेला. ते खोकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि फुंकर मारायचं थांबत नव्हते. काकी मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी त्यांना बघितलं. कोरा बनियन आणलाच नव्हता, म्हणून अंगातला काढला, चुलीवर धरला आणि मोजायला लागले. सातापर्यंत आले आणि पुढचे आकडे खोकल्यात गेले. बनियन काळाठिक्कर झाला होता. तो हातात धरून ते तसेच मातीत बसले.

"आटोक्यात न्हाय," काकी म्हणाल्या.

"न्हाय," काका म्हणाले.

मी नळ बंद केला. पाच महिन्यांनी त्या घरात दोन शब्द मधल्या माणसाशिवाय बोलले गेले होते.

काकी उतरून आल्या. काकांना कोपराने बाजूला सारलं, दोन ओली लाकडं काढून टाकली, उरलेली जरा तिरकी केली, फुंकणी घेतली आणि एकदाच फुंकलं. जाळ लागला. धूर हळूहळू वर गेला आणि विरला. काका त्याच्याकडे बघत राहिले. मग कानातलं पेन काढलं, भिंतीवरचा तो जुना कागद नखाने खरवडून काढला, त्याच्या पाठीमागे काकींचं नाव पुन्हा लिहिलं आणि खाली लिहिलं, आटोक्यात आहे.

"जा गारीकरं," काकी पिठात पाणी घालत म्हणाल्या. "मी सांगतंय."

पुढचं पीयूसीवाल्याने मला कितीतरी वेळा सांगितलंय. काकांनी जीप व्हॅनशी नेली, फोन कानाला लावला आणि विचारलं, किती. पलीकडून काकींनी एक आकडा सांगितला. काकांनी तो मोठ्याने म्हटला. मग दुसरा. मध्येच काकींनी विचारलं, सकालपासून काय खाल्ला का. काका म्हणाले, न्हाय. मग भाकरी किती टाकू यावर थोडं बोलणं झालं, सुकटीवर झालं, पाच महिन्यांत कोण कोण आजारी पडलं यावर झालं. सहावा आकडा येईपर्यंत मुदत संपली. दुसऱ्यांदाही संपली. तिसऱ्यांदा पीयूसीवाल्याने काकांच्या हातातून फोन काढून घेतला, आकडा घेतला आणि परत दिला. जीप पास झाली. काका निकाल न बघताच बोलत राहिले होते, असं तो म्हणतो.

पुढे मी नोकरी बदलली आणि कल्याणला राहायला गेले. गेल्या वर्षी काका गेल्याचं कळलं तेव्हा मी परगावी होते, जायला जमलं नाही, याचं फार वाईट वाटत होतं. मध्ये एका रविवारी गेले. फाटकावर पाटी तीच. अंगणात जीप धुतलेली, सायलेन्सरला ताजं हळदकुंकू. चुलीवर भाकरी. काकी नेहमीपेक्षा थोडं जास्त बोलल्या. जीप चालवायला कोणी नाही, पण दर सहा महिन्यांनी तो पीयूसीवाला येतो, व्हॅनपर्यंत नेतो, तपासतो आणि परत आणून लावतो. विकत का नाही, असं मी विचारलं नाही.

तेवढ्यात काकींच्या मोबाइलवर मेसेज वाजला. मी आल्यावर थोड्याच वेळात पीयूसीवाला जीप घेऊन गेला होता. काकींनी चष्मा लावला, हात पदराला पुसले आणि पडवीत गेल्या. तिथे दोरीवर बनियन होते आणि दोरीच्या वर काकांचा हार घातलेला फोटो. काकींनी मोबाइल लांब धरला आणि फोटोकडे बघून एकेक आकडा सावकाश, मोठ्याने वाचला. सहाही आकडे. मग सकाळपासून काय काय झालं ते सांगितलं, मी आल्याचंही सांगितलं.

मी हळूच पीयूसीवाल्याला फोन लावला. म्हटलं, दादा, जरा थांब, काकी आकडा सांगतायत, पण तुला नाही.

"मालूम है दीदी," तो म्हणाला. "पहिला आकडा मी मागतच नाही. तो काकांचा. दुसरा पाठवतो, तो माझा."